नव्या लॅपटॉपवर मराठी लिहायचंय? आधी कळफलक, मग ॲप

भाचीने लॅपटॉप घेतला आणि दुसऱ्याच दिवशी फोन केला. "मावशी, नोट्स काढायला कुठलं ॲप घालू? बारा नावं उतरवून ठेवलीत." ती इतिहासात एमए करते. तिची आई, म्हणजे माझी ताई, त्याच लॅपटॉपवर सोसायटीच्या सभेची इतिवृत्तं लिहिणार, अधूनमधून एखादा लेखही. मी रविवारी त्यांच्याकडे पोचले तोवर बारापैकी सात ॲप घालूनही झाली होती, आणि एकातही मराठीचं एक अक्षर उमटत नव्हतं, कारण मराठी कळफलक चालू करायचाच राहिला होता.

तर क्रम उलटा धरू या. लॅपटॉप विंडोजचा आहे असं धरून लिहिते, कारण घरोघरी तोच दिसतो.

ठरवताना अट एकच

आज लिहिलेलं मराठी दहा वर्षांनी, दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जसंच्या तसं उघडलं पाहिजे. दिसायला सुंदर, वापरायला सोपं, फुकट, हे सगळं त्यानंतर.

ही अट मला काकांच्या फाइलींनी शिकवली. त्यांनी वीसेक वर्षं दिवाळी अंकांसाठी लेख लिहिले, तेव्हाच्या एका लोकप्रिय फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नव्या मशीनवर नाही, म्हणून फाइल उघडली की दिसतात इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. त्या काळच्या बहुतेक मराठी फॉन्टांची युक्तीच तशी होती. मशीनच्या लेखी तुम्ही इंग्रजी अक्षर टाइप करत होता, फॉन्ट फक्त त्याच्या जागी काना, मात्रा किंवा अर्धा क रंगवून दाखवत होता. फॉन्ट गेला की सोंग उतरलं. युनिकोडमध्ये प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक असतो. 'क'चा क्रमांक ०९१५, मग फॉन्ट कुठलाही असो. समोरच्याकडे तुमचा फॉन्ट नसेल तर मजकूर दुसऱ्या वळणात दिसेल, पण क हा कच राहील.

तुमच्या घरात अशा जुन्या फाइली असतील तर त्या पुसू नका, आणि त्यांच्याशेजारी फॉन्टचं नाव लिहून ठेवा. फॉन्ट कळला की युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं सापडतात. बदललेला मजकूर मात्र डोळ्यांखालून घालावाच लागतो. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास घसरते.

पहिलं काम: कळफलक

सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', त्यात 'लँग्वेज अँड रीजन', तिथे 'ॲड अ लँग्वेज', आणि मराठी निवडा. मग मराठीच्या ओळीवरच्या तीन ठिपक्यांतून 'लँग्वेज ऑप्शन्स' उघडून 'ॲड अ कीबोर्ड' करा. तिथे दोन मुख्य पर्याय दिसतात: मराठी, म्हणजे इन्स्क्रिप्ट, आणि मराठी फोनेटिक. इंग्रजीतून मराठीत यायला विंडोजची कळ दाबून ठेवून स्पेस दाबायची. या सगळ्याला पाच मिनिटं लागतात, एक पैसा लागत नाही, आणि मराठी मग कुठल्याही ॲपमध्ये उमटतं. 'मराठी टायपिंग सॉफ्टवेअर मोफत डाउनलोड' असा शोध घेऊन भलत्यासलत्या फाइली उतरवायची गरज नाही.

दोन्हींपैकी कुठला? रोमन अक्षरांत मराठी मेसेज पाठवायची सवय असेल तर फोनेटिक. तुम्ही उच्चाराप्रमाणे टाइप करता, तो शब्द सुचवतो. हे पहिल्याच दिवशी जमतं. पण प्रत्येक शब्दाला 'सुचवलेलं बरोबर आहे ना' हे बघत राहावं लागतं, आणि लांब लेखनात तोच वैताग होतो. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. पहिला आठवडा रडवेला जातो. रोज अर्धा तास दिलात तर महिन्याभरात नजर पडद्यावर आणि बोटं आपोआप चालू. शिवाय हा भारतीय भाषांसाठीचा प्रमाण कळफलक आहे, त्यामुळे मॅक किंवा लिनक्सवर गेलात तरी कळा बहुतेक त्याच जागी सापडतात.

वर्षभर फक्त वर्गातल्या नोट्स काढणार असाल तर फोनेटिक पुरे. पुस्तक, प्रबंध किंवा भाषांतर करणार असाल तर इन्स्क्रिप्ट शिका, कुरकुर करत का होईना.

ताईचा प्रश्न तिसराच निघाला. तिने टाइपरायटरवर मराठी टायपिंगची परीक्षा दिलेली, त्यामुळे बोटांत रेमिंग्टन बसलेला. विंडोजमध्ये तो आयता येत नाही, वेगळं साधन घालावं लागतं. घालताना एवढंच बघा की ते युनिकोडमध्ये लिहितं ना. ते फक्त ठरावीक फॉन्टमध्ये लिहीत असेल तर पुन्हा काकांची फाइल.

आचारी आणि आचार्य

मराठीत एक जागा अशी आहे जिथे चांगली चांगली सॉफ्टवेअर अडखळतात. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना'. एकात गुरुजी आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. 'दर्या' आणि 'दऱ्या' तसंच. हा दुसरा, चंद्रकोरीसारखा र इन्स्क्रिप्टवर काढायला शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅशची कळ, तिथेच य असतो.

गोम अशी की तो र संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो. एकात खाली नुक्ता असलेला ऱ हा स्वतंत्र वर्ण वापरलेला असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. शोधताना मात्र एक टाइप केलात तर दुसरा बहुधा सापडत नाही. 'ॲप'मधल्या ॲचंही तेच: एक अखंड वर्ण ॲ, आणि दुसरा अ अधिक चंद्र. दिसणं एक, क्रमांक वेगळे.

एकाच लॅपटॉपवर ताई एका कळफलकाने आणि भाची दुसऱ्याने लिहिणार असतील तर हे लगेच आडवं येतं. उपाय साधा: आपला कळफलक कुठलं रूप काढतो ते एकदा बघा आणि त्यालाच चिकटून राहा. फोनवरून आलेला मजकूर नोट्समध्ये चिकटवलात आणि नंतर शोधून मिळाला नाही, तर आधी हा संशय घ्या.

म्हणून कुठलंही नवं ॲप ठेवायचं की काढायचं हे ठरवायला मी एक ओळ टाइप करते:

आचाऱ्यांना दर्याकाठी ज्ञानेश्वरी, वाङ्मय, क्लृप्ती, ॲप, ऑक्टोबर, हृदय, शृंगार, काळवंडलेल्या दऱ्या

मग चार गोष्टी. ओळ नीट दिसते का? 'दऱ्या' शोधल्यावर सापडतं का? बॅकस्पेस दाबल्यावर फक्त शेवटची मात्रा जाते की अख्खं जोडाक्षर उडतं? आणि पीडीएफ करून त्यातून तीच ओळ पुन्हा कॉपी केली तर काय हाती येतं? शेवटच्या परीक्षेत पुष्कळ जण नापास होतात. पीडीएफ दिसते सुरेख, कॉपी केल्यावर काना एकीकडे आणि वेलांटी दुसरीकडे. म्हणून पीडीएफ हे छापायला आणि पाठवायला ठेवा, जपून ठेवायला मूळ फाइल.

फॉन्टबद्दल थोडंसं

विंडोजचा निर्मला यूआय पडद्यावर वाचायला ठीक आहे, कागदावर तो मला रुक्ष वाटतो. गूगल फॉन्ट्सवर मुक्त, बलू, नोटो सान्स देवनागरी हे सगळे फुकट मिळतात. लेखासाठी मी टिरो देवनागरी मराठी वापरते. त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात वर्णमालेसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवलेले आहेत, पण बरेच फॉन्ट हिंदी वळण देतात आणि आपल्याला नुसतं 'काहीतरी वेगळं दिसतंय' एवढंच जाणवतं. दोन फॉन्ट घाला, तिसरा नको. फॉन्ट जमवण्याच्या नादात लेखन राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यात मीही होते.

लांब लेखनासाठी: तीनांतलं एक

नव्या लॅपटॉपवर वर्ड कधी काही महिन्यांच्या चाचणीसाठी येतं, कधी कायमचं. खरेदीच्या बिलावर किंवा खोक्यावर ते बघा, नाहीतर ऐन प्रबंधाच्या आठवड्यात 'मुदत संपली' ही पट्टी येते. मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर ब्राउझरमधलं वर्ड फुकट चालतं, थोड्या कमी सोयींसह. विद्यापीठ किंवा प्रकाशक वर्डचीच फाइल मागत असेल आणि शेरे मारून परत पाठवत असेल तर वर्डला फारसा इलाज नाही. पूर्वी विंडोजबरोबर येणारं वर्डपॅड आता शोधू नका. विंडोज ११च्या २०२४च्या मोठ्या अपडेटपासून ते काढून टाकलं आहे.

पैसे घालायचे नसतील तर लिबरऑफिस. हे २०१० साली ओपनऑफिसपासून वेगळं झालेलं मुक्त सॉफ्टवेअर, डॉक्युमेंट फाउंडेशन ते सांभाळतं. त्याचे मेनू मराठीतही मिळतात. इंटरनेट नसताना चालतं, वर्डच्या फाइली उघडतं. ताईला मी हेच दिलं.

पण नवा माणूस इथे एका ठिकाणी नक्की फसतो. लिबरऑफिस प्रत्येक मजकुरासाठी फॉन्टचे वेगवेगळे कप्पे ठेवतं: रोमन लिपीचा एक, आणि देवनागरीसारख्या लिप्यांचा दुसरा, ज्याला ते 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' म्हणतं. तुम्ही शैलीत जाऊन आकार १४ करता, मराठी तसंच बारीक राहतं, कारण बदललात तो पहिला कप्पा. म्हणून सुरुवातीलाच दोन गोष्टी उरकून घ्या. टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये भाषेचा विभाग उघडून कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटसाठी मराठी निवडा. मग एफ११ दाबा, मूळ परिच्छेदाच्या शैलीवर उजवी टिचकी, आणि फॉन्टच्या पानावर त्या दुसऱ्या कप्प्यात आपला फॉन्ट व आकार भरा. वर्डमध्येही फॉन्टच्या चौकटीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असा वेगळा भाग असतो, तिथेही हेच.

लिबरऑफिसची आणखी एक सोय फार थोड्यांना माहीत असते. पीडीएफ काढताना 'हायब्रिड पीडीएफ'वर खूण केली की त्या पीडीएफच्या पोटातच मूळ फाइल बसते. वाचणाऱ्याला साधी पीडीएफ, तुम्हाला पुन्हा दुरुस्त करता येणारा मजकूर.

तिसरं, गूगल डॉक्स. दोघांनी मिळून लिहायचं असेल तर याला तोड नाही. बोलून लिहायची सोयही आहे: क्रोममध्ये टूल्स, मग 'व्हॉइस टायपिंग', आणि भाषा मराठी. मुलाखतीचं टिपण उतरवायला मी हे वापरते. विरामचिन्हं हाताने घालावी लागतात आणि नावं विनोदी येतात, तरी निम्मे कष्ट वाचतात. शिवाय जुन्या कात्रणाचा किंवा पुस्तकाच्या पानाचा फोटो ड्राइव्हवर चढवून 'ओपन विथ गूगल डॉक्स' केलं की छापील मराठी मजकूर वाचून दिला जातो. इतिहासाच्या विद्यार्थिनीला याहून काय हवं? जागा फुकटात १५ जीबी, पण जीमेल आणि फोटो धरून, हे विसरू नका. इंटरनेट जातं त्या गावात राहात असाल तर ऑफलाइनची सोय आधीच चालू करून ठेवा. वीज गेल्यावर ती चालू करता येत नाही.

शुद्धलेखन तपासनीस तिन्हींत कमी-जास्त आहे. सामासिक शब्द आणि विभक्ती लागलेली रूपं पाहिली की मराठी तपासनीस गांगरतो आणि बरोबर शब्दाखाली लाल रेघ ओढतो. त्याला सल्लागार माना, परीक्षक नाही.

नोट्ससाठी

इथे पर्याय इतके आहेत की भाचीची बारा नावं कमीच म्हणायची. आधी एक गोष्ट. एव्हरनोट हे एकेकाळी नोट्सचं दुसरं नाव होतं. डिसेंबर २०२३मध्ये त्याच्या फुकट खात्यावर ५० नोट्स आणि एकच वही अशी मर्यादा आली. त्याआधी गूगलचं नोटबुक नावाचं ॲप होतं, ते २०१२ साली बंदच झालं. यात कुणाची लबाडी नाही, धंदा आहे. पण पाचशे नोट्स साठल्यावर असं झालं तर त्या घेऊन बाहेर कसं पडायचं, हे पहिल्या नोटच्या आधी बघून ठेवायचं. मेनूत 'एक्सपोर्ट' शोधा, दोन खोट्या नोट्स बाहेर काढा, नोटपॅडमध्ये उघडा. वाचता आल्या तर ॲप चांगलं.

किराणा, निरोप, गाडीचा नंबर यांसाठी गूगल कीप. फोनवर आणि लॅपटॉपवर एकच. त्याहून गंभीर काही त्यात ठेवू नका.

वर्गात मास्तर फळ्यावर आकृत्या काढतात, तुमच्या लॅपटॉपला लेखणी आहे, तर वननोट. पानावर कुठेही लिहा, कुठेही चित्र डकवा. फुकट आहे. जुनं 'वननोट फॉर विंडोज १०' वेगळं होतं, त्याला ऑक्टोबर २०२५पासून आधार नाही, तेव्हा उतरवताना साधं 'वननोट' घ्या.

वर्षानुवर्षं वाचन करून टिपणं साठवायची असतील तर ऑब्सिडियन किंवा जोप्लिन. दोन्हींत नोट साध्या मजकुरात असते, शीर्षकाला हॅशचं चिन्ह, ठळक करायला तारे. या पद्धतीला मार्कडाउन म्हणतात, २००४ सालापासूनची आहे. ऑब्सिडियन तुमच्याच एका फोल्डरमध्ये प्रत्येक नोटची वेगळी फाइल ठेवतं. ऑब्सिडियन उद्या नाहीसं झालं तरी त्या फाइली नोटपॅडमध्ये उघडतील. माझ्या अटीत हे सगळ्यात नीट बसतं. जोप्लिन मुक्तस्रोत आहे, नोट्स स्वतःच्या कोठीत ठेवतं पण मार्कडाउनमध्ये बाहेर काढून देतं, आणि ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हमार्फत फोनशी फुकट जुळतं. ऑब्सिडियनची स्वतःची जुळवणी पैसे देऊन मिळते.

इन्स्क्रिप्टवाल्यांसाठी एक सूचना, जी मराठी न लिहिणाऱ्याला सुचणारच नाही. मार्कडाउनचं हॅश शिफ्ट-३वर असतं आणि तारा शिफ्ट-८वर. इन्स्क्रिप्टमध्ये त्या जागी ्र आणि श्र आहेत. ऑब्सिडियनमध्ये दोन नोट्स जोडायला चौकोनी कंस लागतात, तिथे ड बसलेला आहे. म्हणजे दर शीर्षकाला आणि दर दुव्याला इंग्रजीत जाऊन परत यायचं. ठळक करायला कंट्रोल-बी चालतं, बाकीच्यासाठी विंडोज-स्पेसची सवय. भाचीने दोन दिवस चिडचिड केली, तिसऱ्या दिवशी अंगठा आपोआप जायला लागला.

संदर्भ सांभाळायचे असतील तर झोटेरो, फुकट. पुस्तक, लेखक, पृष्ठ एकदा भरा, वर्ड किंवा लिबरऑफिसमध्ये तळटीप आपोआप. एमएच्या पहिल्या महिन्यात घातलं तर शेवटच्या महिन्यात झोप मिळते.

आणि नोटपॅडला हसू नका. २०१९पासून ते मजकूर आपणहून यूटीएफ-८मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या एका पद्धतीत, ठेवतं, त्यामुळे मराठी सुरक्षित. कुणी विंडोज ७चं जुनं मशीन दिलं असेल तर मात्र साठवताना 'एन्कोडिंग'मध्ये एएनएसआय दिसतं. ते तसंच ठेवलंत की सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं होतात, आणि ती परत येत नाहीत.

राखीव प्रत

नव्या विंडोजमध्ये तुमचा 'डॉक्युमेंट्स' फोल्डर न विचारल्यासारखा वनड्राइव्हमध्ये जाऊन बसतो. फुकट जागा ५ जीबी. फोटो आणि व्हिडिओ त्यात पडले की ती भरते आणि तुमचं लेखन वर चढायचं थांबतं, आवाज न करता. वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये जाऊन फक्त लेखनाचा फोल्डर ठेवा.

लेखनाला जागा लागते किती? देवनागरीचा एक वर्ण यूटीएफ-८मध्ये ३ बाइट घेतो. ऐंशी हजार शब्दांची कादंबरी साध्या मजकुरात दीड एमबीच्या आसपास, म्हणजे फोनवरच्या एका फोटोहून लहान. तेव्हा कंजूषपणाला कारण नाही. एक प्रत लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर, एक इंटरनेटवर. पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका. पिशवी जाते तेव्हा दोन्ही जातात.

फाइलींची नावं

तारीख पुढे, वर्ष आधी: २०२५-११-०९ सोसायटी सभा. अशाने फाइली आपोआप ओळीने लागतात. आकडे देवनागरी किंवा इंग्रजी, एकच काहीतरी ठरवा, मिसळू नका.

मागच्या रविवारी पुन्हा गेले होते. भाचीच्या ऑब्सिडियनमध्ये एकशे चाळीस नोट्स झाल्यात. ताईच्या फोल्डरमध्ये चार फाइली आहेत: 'इतिवृत्त', 'इतिवृत्त नवीन', 'इतिवृत्त नवीन फायनल' आणि 'हेच पाठवायचं'. पाठवली गेली दुसरी.